एका तारखेच्या दोन सरस्वतीबाई

मोहिनीच्या शाळेनं जन्माचा दाखला मागितला म्हणून बबितानं सासूची पत्र्याची पेटी उघडली, आणि इरकली लुगड्याच्या घडीखाली तिला स्वतःचाच घटस्फोट सापडला!

चार पानं होती. वर कोर्टाचा गोल शिक्का, खाली लांबलचक सही. बबिता दहावी पास झालेली, आणि हातात आलेला कुठलाही कागद, मग तो भजी बांधून आलेला का असेना, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही ही तिची लहानपणापासूनची खोड. पेटीच्या कडेला टेकून तिनं तो वाचला. पहिल्यांदा काहीच कळलं नाही, दुसऱ्यांदा थोडं कळलं, आणि तिसऱ्यांदा एका वाक्यावर तिचं बोट थांबलं ते थांबलंच... ‘जाबदेणार हिने कोणतेही सबळ कारण नसताना अर्जदाराचे घर सोडले असून ती आजतागायत परत आलेली नाही.’

जाबदेणार म्हणजे ती. अर्जदार म्हणजे तिचा नवरा सोमेश्वर. आणि घर म्हणजे हेच, ज्याची चूल तिनं सकाळीच पोतारली होती, ज्याच्या टोपल्यात तिनं थापलेल्या भाकरी होत्या, ज्याच्या अंगणात तिची सासू सरस्वतीबाई सुपात मूग पाखडत बसली होती. घर सोडून गेलेली बाई त्याच घरात बसून आपण गेल्याचं वाचत होती.

कुणालाही वाटेल, तिथंच तिनं हंबरडा फोडला असेल. पण माणसाचं मन मोठं विचित्र असतं... दुःखाच्या आधी तिच्या मनात उभं राहिलं ते कुतूहल. हे झालं कसं? एवढं मोठं कोर्ट, काळ्या कोटातली शिकलेली माणसं, त्यांना कुणी सांगितलं की मी गेले? निकालावर तारीख होती सव्वीस मार्च. सव्वीस मार्चला ती कर्नाटकात, उसाच्या फडात, याच नवऱ्याच्या बापाबरोबर मोळ्या बांधत होती.

ते कसं, ते सांगायला हवं. वडवणीच्या अलीकडे दोन कोसांवरच्या त्या गावातून दिवाळी सरली की अर्धं गाव ऊस तोडायला जातं, आणि तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावर वाहणार. एकट्या माणसाचा कोयता होत नाही. बबिताचा सासरा त्रिंबक आणि सरस्वतीबाई यांचा कोयता वीस वर्षं एकाच मुकादमाच्या टोळीत होता. तीन हंगामांपूर्वी ऐन दसऱ्यात सरस्वतीबाई बैलगाडीवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. टोळीच्या यादीत नावं आधीच चढली होती. त्रिंबक ओसरीवर डोकं धरून बसला. सोमेश्वर चाकणच्या कंपनीत, घरी यायचं नाव नाही. तेव्हा बबितानं पदर खोचला आणि मामा, मी येते, एवढंच म्हणाली. यादीतलं नाव बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बाई बदलली तरी कोयता तोच, असं मुकादमानं सांगून टाकलं.

तेव्हापासून तीन हंगाम, दर वर्षी सहा महिने, बबिता फडावर सरस्वतीबाई झाली. हजेरीला ते नाव पुकारलं की ही ‘व्हय’ म्हणायची. आधी हसू यायचं, मग सवय झाली. पोरगी मोहिनी शाळेसाठी आजीपाशी राहिली होती. तिच्या आठवणीनं कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या चुलीपुढं बबिताचे डोळे भरून यायचे, आणि धूर होता म्हणून कुणाला कळायचं नाही. त्रिंबकाला कळायचं. साखर कशी होते, काट्यावर वजन कसं कळतं, कर्नाटकातली माणसं आपल्यासारखंच का जेवतात, या तिच्या प्रश्नांना तो माळकरी माणूस कधी कंटाळला नाही. ‘आमची फौजदारीण’ म्हणायचा तिला. तिसऱ्या हंगामाहून परतल्यावर वैशाखात तो ओसरीवर बसल्या बसल्या गेला. आता श्रावण चालू होता, आणि कोण ऊस तोडायला गेलं हे खरोखर जाणणारं माणूस या घरात एकच उरलं होतं. ते अंगणात मूग पाखडत होतं.

बबिता कागद घेऊन बाहेर आली. सरस्वतीबाईनं वर पाहिलं, कागद ओळखला, आणि सूप तसंच हातात राहिलं.

"आत्या, हे कवा आलं?"

"मामाच्या दहाव्याला. सोमानं आणलंतं."

"काय हाय त्यात, ठाव हाय तुमाला?"

सरस्वतीबाई बराच वेळ मुगातला खडा शोधत राहिली. मग मान वर न करताच म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू ऱ्हायली असतीस का हितं?"

बबिताला त्या उत्तराचा संताप आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम. दहाव्याला सोमेश्वर आला होता, केस उतरवून चार दिवस याच घरात राहिला होता, तिनं वाढलेलं जेवला होता. तो बोलत नव्हता ते बापाच्या दुःखानं, असं समजून तिनं त्याला शेवटच्या दिवशी दही-भात जास्त वाढला होता. हे आठवलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या गावी एका वकिलाकडं गेली. माणूस वाईट नव्हता. त्यानं निकाल वाचला, तिची सगळी हकिकत ऐकली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. अपील होईल, म्हणाला, जिल्हा कोर्टात, बीडला. नव्वद दिवसांची मुदत गेली आहे, पण उशीर का झाला ते सांगून माफी मागता येते. फक्त एक करायचं... उसाची गोष्ट काढायची नाही. तिथं दुसऱ्याच्या नावानं तीन वर्षं सह्या केल्या आहेत, ते अंगाशी येईल.

"मग तीन साल मी कुठं होते म्हणून सांगायचं?" बबितानं विचारलं.

"माहेरी होते म्हणा. सोपं पडतं."

बबिता उठली. तिचं माहेर लिंबागणेशचं, आणि या तीन वर्षांत ती तिथं मोजून दोनदा गेली होती. माहेरी होते असं म्हटलं की कागदावरचं ते वाक्य खरंच ठरत होतं! खोटं पुसायला दुसरं खोटं लिहायचं, तर मग पहिलंच काय वाईट होतं? तिला नवरा परत नको होता. ज्यानं असं केलं त्याच्या ताटात वाढायची इच्छा त्या चार पानांतच संपली होती. तिला ते एक वाक्य नको होतं. मोहिनी आज चौथीत होती, उद्या दहावीत जाईल, आईसारखीच सापडेल तो कागद वाचेल... आणि सगळं आयुष्य ज्याच्यासाठी डोक्यावर वाहिलं त्याच घरात, आपली आई टाकून पळाली असं त्या लेकराला सरकारी शिक्क्यासह वाचायला मिळेल. नाही. ते वाक्य खोडल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

तिनं निकाल देणाऱ्या बीडच्याच खालच्या कोर्टात जाऊन नकलेचा अर्ज केला. कशाची नक्कल हवी, असं कारकुनानं विचारलं, तर म्हणाली, जेवढं असेल तेवढं सगळं. तो वैतागला. निकालाची पुरते, म्हणाला. पण हिला निकाल नव्हता वाचायचा, निकाल कसा झाला ते वाचायचं होतं. आठ दिवसांनी एकतीस पानं हातात पडली, आणि ती कोर्टाच्या पायरीवर बसूनच वाचू लागली.

एकोणिसाव्या पानावर बेलीफाचा अहवाल होता. ‘जाबदेणार घरी मिळून आली नाही. घरातील प्रौढ व्यक्ती, सासू सरस्वतीबाई, यांनी सांगितले की सून घर सोडून निघून गेली आहे. समन्सची प्रत त्यांना दिली.’ खाली निळ्या शाईचा अंगठा. बबितानं तो अंगठा लगेच ओळखला. त्यावर विळीनं कापल्याची जुनी आडवी खूण होती, आणि त्या जखमेला हळद तिनंच भरली होती, नव्यानं लग्न होऊन आली तेव्हा.

तिथं मात्र तिचं रडू आवरेना. नवऱ्याचा घाव तिनं सोसला होता, पण हा अंगठा... ज्या बाईच्या मोडक्या हाताच्या जागी आपण आपले दोन्ही हात दिले, तिनंच आपल्याला घराबाहेर काढलं! येणारेजाणारे बघत होते. कोर्टाच्या पायरीवर बायका रडतात याची तिथल्या लोकांना सवय असावी, कुणी काही विचारलं नाही.

रडून झालं, डोळे पुसले, आणि खोड पुन्हा जागी झाली. तारीख काय? सतरा जानेवारी. म्हणजे संक्रांतीनंतरचा बुधवार. बुधवार... फडावर बुधवारी काय असायचं? बुधवारी नर्सबाई यायची! कोपीकोपीत जाऊन बायकांचं वजन करायची, रक्तवाढीच्या लाल गोळ्या द्यायची आणि पिवळ्या कार्डावर तारीख घालून सही घ्यायची. आणि कार्ड कुणाच्या नावाचं होतं? बबिता पायरीवरून अशी उठली, की मांडीवरची पानं उडता उडता वाचली.

घरी खुंटीला टांगलेल्या बोचक्यात ते कार्ड होतं, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाला चिकटलेलं. नाव सरस्वतीबाई त्रिंबक. वय एकोणतीस. नर्सबाईनं वय विचारलं तेव्हा नाव सासूचं सांगायचं तिच्या लक्षात होतं, वय सांगायचं राहून गेलं होतं. खाली बुधवारच्या तारखांची रांग, आणि सतरा जानेवारीसमोर तिच्याच वळणदार अक्षरात सही... ‘सरस्वतीबाई’. बबितानं बेलीफाचा अहवाल आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. एकाच दिवशी सरस्वतीबाईनं गावात अंगठा दिला होता आणि कर्नाटकात सहीही केली होती. एक बाई दोन ठिकाणी असत नाही. मग अंगठेवाली सरस्वतीबाई घरी होती, तर सहीवाली कोण होती?

बीडला कोर्टाबाहेर लिंबाखाली धोंडीराम नावाचा म्हातारा टायपिस्ट बसायचा. त्याच्यापुढं बसून बबितानं आपलं अपील सांगायला सुरुवात केली, आणि दोन वाक्यांतच तिनं पदर डोळ्यांना लावला. धोंडीरामनं हात थांबवला. "बाई, रडणं कागदावर उमटत न्हाई. तारखा सांगा." तो सल्ला तिला इतका पटला, की तिनं डोळे कोरडे करून तारखाच सांगितल्या, आणि धोंडीराम टाइप करता करता मधूनच थांबून, मग पुढं काय झालं, असं विचारू लागला.

ते अपील तीनदा परत आलं. कधी पानांना आकडे नव्हते, कधी उशिराच्या माफीचा अर्ज जोडायचा राहिला, कधी शपथपत्रावर शिक्का नव्हता. प्रत्येक वेळी तिनं खिडकीतल्या कारकुनाला ‘कावून?’ असं विचारलं, आणि कारण कळेपर्यंत ती खिडकी सोडली नाही. फुकट वकील मिळतो, त्यानं सुचवलं. त्या वकिलानं पण उसाचं सांगू नको म्हटलं तर, असं हिनं विचारलं. कारकून हसला. चौथ्या वेळी त्यानंच पानं लावून दिली आणि अपील दाखल झालं.

आणि या सगळ्या दिवसांत त्या दोघी एकाच घरात राहत होत्या! बबिता घर सोडणार नव्हती, कारण सोडलं असतं तर कागद खरा ठरला असता. सरस्वतीबाई तिला जा म्हणू शकत नव्हती, कारण मोडलेल्या मनगटाला पीठ मळता येत नव्हतं. उसाच्या दिवसांत शेजारची कडूबाई थापून द्यायची, पण आता सून घरी असताना तिला कोणत्या तोंडानं बोलवायचं? बबिता भाकरी थापायची, सासूसाठी कढत पाण्यात पीठ मळून मऊ करायची, कारण तिचे दात पडले होते. सरस्वतीबाई मोहिनीची वेणी घालायची. दोघी एकमेकींशी मोहिनीच्या मार्फत बोलायच्या, आजीला सांग चहा झाला, आईला सांग दळण आणायचंय. पोळा गेला, दिवाळी गेली, टोळ्या गावातून निघून गेल्या. त्या वर्षी या घरातून कोयता गेला नाही. बबिता गावातच खुरपायला जात होती, आणि भावकीतला किंवा टोळीतला एकही माणूस तिच्या बाजूनं कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हता.

फाल्गुनातल्या सुनावणीच्या आदल्या दिवशी सोमेश्वरचा आईला फोन आला. तिच्या नावानं त्यानं एक शपथपत्र करून घेतलं होतं, मागं गावी येऊन अंगठाही नेला होता. उद्या बीडला ये, जज्जांनी विचारलं तर फक्त ‘व्हय’ म्हण.

सकाळच्या एसटीला दोघी एकाच थांब्यावर उभ्या राहिल्या. एकीच्या पिशवीत अपील, दुसरी त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला निघालेली... आणि दोघींच्याही पिशव्यांत बबितानंच पहाटे थापलेल्या भाकरी. गाडीत बबिता पुढं बसली, सरस्वतीबाई मागं. कंडक्टरनं विचारलं, दोघी संगं का? कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यानं दोन वेगळी तिकिटं फाडली.

कोर्टात पुकारा व्हायला दुपार झाली. तोवर व्हरांड्यात सोमेश्वर आईजवळ येऊन बसला. चांगले कपडे, अंगाला अत्तर, आणि नजर सारखी मोबाइलमध्ये. आईनं फडकं सोडलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, आणि खरोखरच त्याच्या चेहऱ्यावर बाळपण उतरलं.

"आई, चाकणला समदं मिळतं," तो म्हणाला, "पर तुझ्या हातची भाकर न्हाई मिळत."

सरस्वतीबाईचा घास तोंडातच फिरू लागला. चौथं वर्ष चालू होतं तिच्या हातानं भाकर थापून... आणि पोटच्या पोराला ते माहीत नव्हतं! आपल्या आईचा हात मोडका आहे, हे तो विसरला होता. विसरला होता, की त्यानं कधी विचारलंच नव्हतं? समोर, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, ती भाकर थापणारी एकटी भिंतीला टेकून आपली पानं पुन्हा पुन्हा लावत उभी होती. सरस्वतीबाईनं उरलेली भाकर फडक्यात बांधली.

पुकारा झाला. न्यायाधीश एक पोक्त बाई होत्या. वकील कोण, त्यांनी विचारलं. मीच, बबिता म्हणाली, आणि दोन कागद पुढं केले. तारखा तिला पाठ होत्या. न्यायाधीशबाईंनी अहवाल आणि पिवळं कार्ड शेजारी ठेवलं, एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं, आणि नकळत खुर्ची पुढं ओढली. सोमेश्वरचा वकील उठला. ही बाई दुसऱ्याच्या नावानं सही केल्याचं स्वतःच कबूल करते आहे, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

न्यायाधीशबाईंनी बबिताला शांतपणे विचारलं, हे सांगून आपणच अडचणीत येऊ शकतो, याची कल्पना आहे का?

"हाय, मॅडम. ती सही खोटीच हाय. तिची काय सजा असंल ती द्या. पर त्या दिवशी मी उसात होते, मामासंगं. मी घर सोडलं न्हाई. घरासाठी गेलते."

मग वकिलानं शपथपत्र पुढं केलं आणि सांगितलं, खुद्द सासू हजर आहे. सरस्वतीबाईला पुढं बोलावलं. मजकूर तुम्हाला वाचून दाखवला होता का, न्यायाधीशबाईंनी विचारलं. सोमेश्वरनं मागून हलकेच मान हलवली. फक्त एक ‘व्हय’ म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं की पोरगा आपला. चाकणला नेतो म्हणाला होता, म्हातारपणी दोन खोल्यांच्या घरात, नळाच्या पाण्यात... आणि नाही म्हटलं, तर एकुलता एक लेक जन्माचा तुटणार.

"न्हाई वाचला," ती म्हणाली. "आन् मी इचारलं बी न्हाई."

वकील मध्ये बोलू लागला, न्यायाधीशबाईंनी त्याला हातानं थांबवलं.

"सोमा म्हनला, मानूस येईल, सून गेली म्हून सांग, अंगठा दे. मला अर्धं कळलंतं, मॅडम. उरलेलं अर्धं मी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर समदं कळलं असतं, मंग अंगठा देता आला नसता." तिनं पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला. "ह्या पोरीनं तीन साल माझं नाव डोक्यावर वाहिलं, मोळीसंगं. माझ्या वाट्याचा ऊस तिनं वाहिला. त्या कार्डावर नाव माझं हाय, घाम तिचा हाय. ती गेली न्हाई कुठं. आज सकाळची भाकर बी तिचीच हाय, ह्यानं आत्ता खाल्ली ती."

सोमेश्वरची मान खाली गेली. बबिता समोर बघत होती, पण तिला काही दिसत नव्हतं.

स्टेनोनं जबाब टाइप करून कागद काढला. शिपायानं शाईचा पॅड पुढं केला. सरस्वतीबाईनं अंगठा शाईत बुडवला, कागदापर्यंत नेला... आणि तो तसाच अधांतरी धरला.

"थांबा," ती म्हणाली. "आधी बबी वाचंल."

शिपायानं न्यायाधीशबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. बबिता पुढं झाली, कागद हातात घेतला आणि वाचू लागली. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत ‘माझी सून बबिता हिने घर सोडलेले नाही’ असं होतं. तिथं तिचा आवाज फुटला, आणि ज्या बाईनं धोंडीरामपुढं रडणं आवरलं होतं, कारकुनापुढं आवरलं होतं, ती भर कोर्टात लहान मुलीसारखी रडू लागली. सरस्वतीबाई शाईचा अंगठा वर धरून उभी होती. डाव्या हातानं तिनं सुनेची पाठ चाचपली आणि म्हणाली, पुढं वाच, मला समदं ऐकायचंय. बबितानं शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग अंगठा उमटला, विळीच्या आडव्या खुणेसकट.

पुढचं थोडक्यात सांगते. महिन्याभरानं निकाल आला. तो एकतर्फी हुकूम रद्द झाला, आणि प्रकरण नव्यानं चालवायला खाली पाठवलं गेलं. दुसऱ्याच्या नावाच्या सहीबद्दल कोर्टानं बबिताला समज दिली आणि विषय तिथंच संपवला. नक्कल घेतली तेव्हा तिनं ती उभ्या उभ्या तीनदा वाचली, ते वाक्य कुठं पुन्हा शिल्लक राहिलं नाही ना, याची खात्री करायला. सोमेश्वर कोर्टाच्या फाटकापाशी उभा होता. त्याला दुसरीकडं लग्न करायचं होतं, हे आता लपलं नव्हतं. बबिता त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"घटस्फोट पायजे तर मागा. मी देते. पर आपलं जमलं न्हाई, असं लिवा. मी गेले, असं न्हाई."

तो काहीतरी पुटपुटला. माफी असावी, ती त्याला नीट मागता आली नाही. बबिताबरोबर आलेल्या आईकडं वळला, चाकणला चल म्हणाला. सरस्वतीबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली, आणि नंतर येईन कधीतरी, पाव्हणी म्हणून, असं सांगितलं. लेक होता तो, तिला रडू आलंच.

दोघींच्या संमतीचा... चुकले, दोघांच्या संमतीचा अर्ज उन्हाळ्यात झाला. त्या वेळी कारकुनानं बबिताला विचारलं, यापुढं राहण्याचा पत्ता काय लिहू? या कागदावर सही केली की ती त्या घराची कोणीच उरणार नव्हती, आणि हा प्रश्न, एवढे प्रश्न विचारणाऱ्या बाईनं, स्वतःला कधी विचारला नव्हता. मागच्या बाकावरून सरस्वतीबाई उठून आली. घर त्रिंबकानंतर माझ्या नावावर लागलंय, ती कारकुनाला म्हणाली, हिचा पत्ता तोच लिवा, बदलू नका.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, दोघी संगं का? व्हय, सरस्वतीबाई म्हणाली, आणि खिडकीची जागा तिनं स्वतः घेतली. गाडी बीडच्या बाहेर पडली. थोडं अंतर गेल्यावर तिनं सुनेला कोपरानं डिवचलं आणि बाहेर बोट दाखवलं.

"बबे, त्या पाटीवर काय लिवलंय?"

बबितानं वाचून सांगितलं. मग पुढच्या पाटीवर काय लिवलंय, त्या भिंतीवर कावून लिवलंय, आन् त्या टँकरवर? वडवणी येईपर्यंत म्हातारीनं एक पाटी सोडली नाही, आणि बबिता एकेक वाचून सांगत राहिली.